साऱ्या जगाला पाठ झालेली गोळी

दूरच्या एका बलाढ्य देशाचे अध्यक्ष माइकसमोर उभे राहून एका औषधाचं नाव घेतात. नाव लांबलचक आहे.

*

रंगपंचमीला इंदुरात गेर, म्हणजे रंग उडवत जाणारी मिरवणूक, निघाली नाही. रंगाच्या टँकरांची तोंडं बांधलेलीच राहिली.

*

थंड पाण्यात हात घातला की नीरजाची बोटं आधी पांढरी पडतात, मग निळी, मग लाल. हा कोणत्या देशाचा झेंडा, ते तिचे बाबा ओळखून दाखवतात.

*

दुसऱ्या महायुद्धात हिवतापावरच्या कडू गोळ्या खाणाऱ्या काही सैनिकांच्या अंगावरचे चट्टे ओसरले आणि सांध्यांची दुखणी कमी झाली. गोळ्या डासांच्या तापासाठी दिल्या होत्या. चट्टे का गेले, हे तेव्हा कुणालाच सांगता येईना.

*

भोपाळचं सरकार शुक्रवारी पडलं, सोमवारी दुसरं आलं. मधल्या दोन दिवसांत दूधवाला नेहमीसारखाच आला.

*

पृथ्वीवरची विमानं एकेक करून खाली उतरू लागली.

*

हातावर मीठ देऊ नये, भांडण होतं. औषधही देऊ नये. (सुनीताबाई पागनीस.)

*

या गोष्टींचा एकमेकींशी काहीएक संबंध नव्हता. म्हणजे त्या रविवारच्या संध्याकाळपर्यंत तरी नव्हता.

*

राजेंद्र नगरातल्या त्या गल्लीत पागनीसांचं घर मधोमध. मोहन पागनीस वीज मंडळातून निवृत्त झालेले. सुनीताबाई घर सांभाळत आणि घरासोबत अर्धी गल्लीही. मुलगी नीरजा विजय नगरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायची. वरच्या मजल्यावर भाडेकरू होता, श्रीहरी. लातूरकडचा, इथल्या कॉलेजात शिकवायला आलेला. इंदुरी मराठी कानावर पडली की तो कपाळाला हात लावायचा. "काका, 'मी निकलतो' असं मराठीत नाही म्हणत हो," असं त्यानं म्हणायचं आणि "तो काय बोलते तू, मी समजून राहिलो ना," असं बाबांनी मुद्दाम आणखी बिघडवून म्हणायचं, हा रोजचा खेळ.

पागनीसांचे पूर्वज होळकरांच्या पागेवर कारकून होते. घोडे गेले, पागा गेली, आडनाव तेवढं राहिलं. म्हणून नीरजाचं दुखणं बाबा असं समजावून सांगायचे: "आपल्याच पागेतले घोडे सुटले आहेत आणि आपलंच अंगण तुडवताहेत. बस. गोळी म्हणजे त्यांचा लगाम."

दुखण्याचं नाव ल्युपस. शरीराची फौज स्वतःच्याच शरीरावर चालून जाते. ऊन लागलं की गालांवर नाकाच्या दोन्ही बाजूंना लाल फुलपाखरू उमटतं, सांधे सुजतात, आणि दुर्लक्ष केलं तर किडनीपर्यंत जातं. रोज जेवणानंतर एक गोळी घेतली की सगळं शांत असतं. पाच वर्षं शांत होतं. इतकं शांत की गल्लीत कुणाला पत्ता नव्हता. घरातसुद्धा कुणी त्याचं नाव घ्यायचं नाही. "आपलं ते," एवढंच. आपल्या त्याचं औषध आणलं का? आपल्या त्याची तपासणी कधी आहे?

झाकली मूठ सव्वा लाखाची. त्यातून मुलगी लग्नाची. त्यातून कोपऱ्यावरच्या रमाकाकूंनी पुण्याचं स्थळ आणलेलं. उन्मेष नाव. दोघं महिनाभर फोनवर बोलत होती. तो हसायला लागला की आधी बराच वेळ नुसता श्वास ऐकू यायचा, आणि नीरजा त्या श्वासाची वाट बघायला लागली होती. त्यालाही तिनं सांगितलं नव्हतं. पाडव्यानंतर त्याच्या घरचे येणार होते. तेव्हा बघू, असं आईचं म्हणणं. 'तेव्हा बघू' या दोन शब्दांवर पागनीसांचं घर पाच वर्षं उभं होतं.

*

रविवार. दिवसभर सगळ्यांनी घरात बसायचं आणि संध्याकाळी पाच वाजता दारात येऊन थाळ्या वाजवायच्या, असं ठरलेलं.

गल्लीनं कसर ठेवली नाही. समोरचे उदयसिंह राठोड शंख घेऊन आले. त्यांच्या आई गंगूबाई, ज्यांना धड उभंही राहवत नव्हतं, खुर्चीत बसून परात बडवत होत्या. बाबांनी माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढलं होतं आणि बत्त्यानं ते वाजवत ते चक्क नाचत होते. नीरजा ओसरीत उभी होती. आवाज इतका मोठा होता की छातीच्या आत काहीतरी हलत होतं. हाच आवाज आत्ता सगळ्या देशात चालला असेल, असं तिच्या मनात आलं आणि तिच्या अंगावर काटा आला. कुणासाठी आहे, कशासाठी आहे, हे बाजूला ठेवलं तरी एवढी माणसं एकाच वेळी एकच गोष्ट करताहेत, हे तिनं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

मग आवाज थांबला. पण आत कुणी जाईना. सगळे आपापल्या फाटकाशी रेंगाळले.

"सुना क्या भिया?" उदयसिंह म्हणाले. "अमेरिका वालों ने दवाई ढूँढ ली. मलेरिया वाली कोई गोली है. क्या नाम है यार उसका... हाइड्रो... हाइड्रो..."

"हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन," बाबा एका दमात म्हणाले.

गल्ली चकित.

"अरे वा पागनीसजी! ज़बान पे रखी है!"

"ज़बान पे क्या, घर में रखी है," बाबा म्हणाले.

घोडं पेंड खातं ते इथंच. म्हणून टाकल्यावर बाबांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घंगाळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं.

"कुणासाठी हो मोहनराव?" रमाकाकूंचा आवाज कोपऱ्यावरून आला. या बाईंचे कान फार चांगले.

"माझ्या गुडघ्यांसाठी," बाबा म्हणाले.

अर्धा तास नाचलेले ते गुडघे सगळ्यांच्या समोर होते.

"तो दो-चार दे दो ना भिया, माँसाब के लिए," उदयसिंह म्हणाले. "उमर हो गई इनकी. रिस्क क्यों लेना."

आता इंदुरात 'नाही' हा शब्द नाही, असं नाही. पण तो फाटकाशी उभं राहून शेजाऱ्याला म्हणता येत नाही. खाण्याच्या बाबतीत तर नाहीच, आणि साऱ्या जगाला हवी असलेली वस्तू आपल्या घरात निघाली तर ती खाण्याच्याच जातीत जमा होते. गोळी माझ्या मुलीची आहे, तिला लागते, एवढं वाक्य पुरलं असतं. तेच तर म्हणायचं नव्हतं. गुडघ्यांच्या नावावर कितीसं अडवून धरणार?

स्वयंपाकघरात सुनीताबाईंनी कात्रीनं पाकिटं कापायला घेतली. हातावर औषध द्यायचं नाही म्हणून स्टीलच्या वाट्या काढल्या, त्यांचं नाव कोरलेल्या. प्रत्येक वाटीत थोड्या गोळ्या. नुसत्या गोळ्या कशा पाठवायच्या, म्हणून वर चिमूटभर शेव.

"आई, शेव?" नीरजा म्हणाली.

"बरं दिसतं."

"बाबा, किती देताय? हद करता यार तुम्ही पण."

"अगं उद्या दवा बाजारातून पेटी उचलून आणतो. असल्या गोळ्या इथं पीथमपूरलाच बनतात, स्कूटरवर जाऊन यावं एवढ्या अंतरावर! आपल्याला काय कमी आहे?" बाबांच्या चेहऱ्यावर लग्नघरातल्या यजमानाचं तेज होतं. पाच वर्षं जी गोष्ट लपवली तिचा पहिल्यांदाच अभिमान वाटायची संधी त्यांना मिळाली होती, आणि नीरजाला त्यांच्यावर रागावता येईना.

जिन्यावर श्रीहरी उभा होता. "काका, रेशनचं दुकान काढलंत की."

"ये, तू पण घे दोन."

"मला नको. मी असल्या अफवांच्या मागे लागत नाही."

वाट्या कंपाउंडच्या भिंतीवर ओळीनं ठेवल्या गेल्या. लोक लांब लांब उभे राहून एकेक उचलून घेऊन गेले. नीरजा पडद्याआडून बघत होती. तिच्या पर्समधल्या आतल्या कप्प्यातला शब्द, ज्याचा उच्चार तिनं मैत्रिणीसमोरही केला नव्हता, तो आता भिंतीवरून भिंतीवर उड्या मारत होता. कुणी हायडो म्हणत होतं, कुणी क्लोरोफिल. तिला वाटलं, आपल्या अंगातलं रक्त कुणीतरी गल्लीत सांडलंय आणि माणसं त्याकडे वाकून बघताहेत. भीतीनं नव्हे, भक्तीनं.

*

दरम्यान, एका माणसाच्या तोंडून समुद्रापलीकडे निघालेला शब्द बंदरांवरून, शेअर बाजारांवरून, मोबाइलवरून फिरत दवा बाजारात पोचला होता. तो पागनीसांच्या आधी पोचला.

"अंकलजी, शनिवार को ही साफ हो गई," नेहमीचा दुकानदार सोमवारी म्हणाला. "ऊपर से ही नहीं आ रही."

शेजारच्या दुकानात तेच. त्याच्या वरच्या मजल्यावर तेच. ज्या फळीवर पाच वर्षं ती पेटी असायची, तिथं धुळीत पेटीच्या आकाराचा स्वच्छ चौकोन होता. बाबा त्या चौकोनाकडे किती तरी वेळ बघत राहिले, असं त्यांनी घरी आल्यावर सांगितलं. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून त्यांनी कापूर आणला होता.

"एकही दिवस चुकवू नका," डॉक्टर फोनवर म्हणाले. "मीही बघतो. पण आत्ता हॉस्पिटलांनाच पुरत नाहीये."

"मग परत मागू या," नीरजा म्हणाली.

"काय म्हणून मागू?" बाबा म्हणाले. "माझ्या गुडघ्यांसाठी? गंगूबाईंच्या वाटीतून?"

"खरं सांगून मागू."

सुनीताबाईंनी गॅस बारीक केला. "रमाकाकूंना कळलं की पुण्याला कळलं. थोडे दिवस, नीरू. तेव्हा बघू."

मंगळवारी रात्री आठला सांगितलं गेलं की आता कुणीही घराबाहेर पडायचं नाही. बुधवारी पाडवा होता. गुढ्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्याकडे बघायला रस्त्यावर एकही माणूस नव्हतं. कडुनिंबाचं पान चावताना नीरजाला हसू आलं. कडूच खायचं तर तिच्याकडे त्याहून कडू होतं, पण ते आता जपून खायचं होतं.

तिनं कुणाला न सांगता एक दिवस आड गोळी घ्यायला सुरुवात केली.

*

गच्चीवरून तिला दिसलेल्या आणि ऐकू आलेल्या गोष्टी:

रालामंडलची टेकडी. धुराशिवाय. तिच्यावरची झाडं मोजता येतील अशी.

मधमाश्या. एक नाही, पुष्कळ. कुठल्या तरी घराच्या छज्ज्याखाली त्यांचं पोळं असणार आणि इतकी वर्षं ते तिथं गुणगुणत असणार.

स्वतःच्या घोट्याचा आवाज. पायरी चढताना.

लांब, फार लांब, कुणीतरी कढईत झारा आपटला, तो.

आकाशात एकही रेघ नव्हती. ही विमानं थांबवायला कुणी काय केलं असतं तर थांबली असती? युद्धानं थांबली नव्हती. आणि डोळ्याला न दिसणाऱ्या एका कणानं ती बसवली. तिच्या शरीरातही न दिसणारंच काहीतरी तिच्याविरुद्ध उठलं होतं. तिला पहिल्यांदाच असं वाटलं की आपला आजार छोटा नाही आणि आपण त्याच्यात एकट्या नाही. सगळं जग आपल्याच अंगाला घाबरून घरात बसलंय. ती कठड्याला धरून उभी राहिली. कठडा धरताना बोटं पूर्ण मिटेनात.

*

दरम्यान, शहरात कर्फ्यू. मग भाजी बंद, दूधही बंद. इंदुरातले आकडे रोज टीव्हीवर. याच शहराचं नाव स्वच्छतेसाठी घ्यायचे, आता हे. देशानं ती गोळी बाहेर पाठवायला बंदी घातली. आधी घरचं बघू, मग दारचं.

घरचं म्हणजे कुठपर्यंत, हे त्यात सांगितलं नव्हतं.

*

गालांवर फुलपाखरू आलं. ऑफिसच्या मीटिंगमध्ये नीरजा कॅमेरा बंद ठेवू लागली. बरणीचं झाकण उघडेना. सकाळी उठल्यावर हात दुसऱ्या कुणाचे तरी वाटत. बाबांनी पास काढायचा प्रयत्न केला, वीज मंडळातल्या जुन्या सहकाऱ्यांना फोन लावले, महूच्या एका औषधवाल्याला गाठलं. प्रत्येक फोन ठेवल्यावर ते आत येऊन म्हणायचे, "होईल." त्यांनी खाणं निम्म्यावर आणलं होतं. उन्मेषचा फोन यायचा तेव्हा नीरजा "नेटवर्क नाही" म्हणून ठेवून द्यायची. डब्यातल्या गोळ्यांचा आवाज बदलला होता. भरलेला डबा खुळखुळत नाही.

*

त्या काळात गल्ली एकत्र यायची ती एकाच वेळी. सकाळी. कचरागाडी आली की.

बाकी सगळं बंद झालं, पण गाडी बंद झाली नाही. लांबून स्वच्छतेचं गाणं वाजायला लागायचं, कर्ण्यातून, कानठळ्या बसतील असं, आणि घराघरातून माणसं ओला आणि सुका कचरा दोन बादल्यांत घेऊन फाटकाशी उभी राहायची. तोंडाला रुमाल, डोळे भुकेलेले. कचरा टाकायचा फक्त निमित्ताला. माणसं बघायची असायची.

त्या सकाळी नीरजा बादली घेऊन बाहेर आली. समोर उदयसिंह फाटकाला टेकून उभे होते. हातात पाण्याचा पेला. त्यांनी खिशातून काहीतरी काढलं, डोळे मिटले, कपाळाला लावलं आणि तोंडात टाकलं. वर घोट घेतला.

"रोज की एक," त्यांनी शेजारच्यांना सांगितलं. "पागनीसजी की मेहरबानी. एहतियात, पहले से बचाव."

बाबा नीरजाच्या शेजारी होते. त्यांनी बादली या हातातून त्या हातात घेतली. नीरजानं त्यांच्याकडे पाहिलं आणि तिला कळलं की हे आता कधीच बोलणार नाहीत. ते रोज सकाळी इथं उभे राहतील, बघतील, आत येऊन "होईल" म्हणतील, आणि मग एक दिवस ते होणार नाही.

ती बादली खाली ठेवायला गेली तर बोटांनी कडी सोडली नाही. दुसऱ्या हातानं तिनं ती सोडवली. गाडी फाटकासमोर आली.

"भिया," ती ओरडली, "गाना बंद करो ना ज़रा."

गाडीवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं. "क्यों मैडम, गीला-सूखा मिक्स कर दिया क्या?"

"नाही केलं. एक मिनिट. प्लीज़."

त्यानं बटण दाबलं.

आणि जी शांतता पडली, तशी इंदुरात कधी पडली नसेल. गच्चीवरची शांतता तिला ठाऊक होती, पण ही माणसांनी भरलेली होती. सगळी गल्ली उभी होती आणि कुणी हलत नव्हतं. कुठूनतरी कोकीळ ओरडला आणि तो किती जवळ आहे ते सगळ्यांनाच कळलं.

"त्या दिवशीच्या गोळ्या," नीरजा म्हणाली, आणि तिचा आवाज कर्ण्याशिवाय कोपऱ्यापर्यंत गेला. "बाबांच्या गुडघ्यांच्या नाहीत. माझ्या आहेत. मला ल्युपस आहे. पाच साल से. रोज लेनी पड़ती है, नहीं तो किडनी जा सकती है. बाज़ार में कहीं नहीं है. ज्यांच्याकडे उरल्या असतील त्यांनी द्या. जिसने खा ली, कोई बात नहीं."

एवढंच. याहून जास्त सांगायची तिनं मनात तयारी केली होती. ल्युपस म्हणजे काय, तो लागट नाही, औषधाचं नाव काय, ते का लागतं. पण सांगायला लागलं नाही. औषधाचं नाव त्या गल्लीत आता पोराटोरांना पाठ होतं. पाच वर्षं ती ज्या शब्दाला घाबरली, तो जगातल्या मोठमोठ्या माणसांनी तिच्या आधी येऊन फाटकाफाटकावर पोचवून ठेवला होता. का, कशासाठी, ते वेगळं. तिला फक्त "माझ्या" म्हणायचं बाकी होतं.

रमाकाकू आत गेल्या. त्यांच्या दाराची कडी लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"मैडम," गाडीवाला हळूच म्हणाला, "चालू करूँ?"

*

दुपारपर्यंत काही झालं नाही. सुनीताबाई देवापुढे बसून होत्या आणि लेकीशी बोलत नव्हत्या. बाबा खिडकीत.

मग कंपाउंडच्या भिंतीवर एक वाटी दिसली.

वाटी शेजाऱ्याला रिकामी परत करायची नसते. हे माळव्यातही आहे आणि मराठ्यांतही, आणि पागनीसांसारख्या दोन्हीकडच्या माणसांना तर दुप्पट आहे. पण भाजी नाही, दूध नाही, दुकानं बंद. घराघरात मोजून शिजवत होते. आणि वाट्या येत राहिल्या. गोळ्या, आणि गोळ्यांवर काही ना काही. गुळाचा खडा. मूठभर शेंगदाणे. एका वाटीत दोनच हिरव्या मिरच्या, दागिन्यासारख्या मांडलेल्या. एका वाटीत गोळ्या भलत्याच निघाल्या, तापाच्या. बदलून टाकल्या की चुकून गेल्या, कोण जाणे. एक वाटी आलीच नाही.

उदयसिंह स्वतः आले. भिंतीपासून लांब उभे राहिले. वाटीत नुसती खडीसाखर होती.

"भिया, मैं तो माँसाब के हिस्से की भी..." ते म्हणाले. "सच बोलूँ? दो दिन से चक्कर आ रहे हैं. मुझे लगा, असर कर रही है."

बाबा हसले. कितीतरी दिवसांनी. मग दोघंही हसले आणि हसता हसता उदयसिंहांनी डोळे पुसले.

"जो दो माँसाब को दी थीं, वो उन्होंने नहीं खाईं," ते म्हणाले. "आप ही पूछ लो."

गंगूबाई समोरच्या ओसरीत खुर्चीत होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली. आत एका चिंधीत दोन गोळ्या होत्या, हळदीनं पिवळ्या झालेल्या, कुंकवाचे ठिपके लावलेल्या.

"लई जा बेटी," त्या म्हणाल्या. "म्हने खई नी. माताजी का आगे राखी थी."

खायची नाही, देवीपुढे ठेवायची: सगळ्या जगानं मागितलेल्या वस्तूचं काय करावं हे फक्त त्यांनाच नीट कळलं होतं, असं नीरजाला वाटलं. तिनं त्या दोन गोळ्या डब्यात टाकल्या नाहीत.

रमाकाकू संध्याकाळी आल्या. त्यांच्या वाटीत सगळ्या गोळ्या जशाच्या तशा, त्यावरची शेवसुद्धा, आणि एक लिंबू. त्या दिवसांत लिंबू.

"पुण्याला मी आज कळवीन हो," त्या म्हणाल्या. "मला लपवून नाही ठेवता येणार. रागावू नकोस."

"मीच कळवते, काकू."

तिनं उन्मेषला लिहिलं, चार ओळी. त्यानं त्या वाचल्याची निळी खूण आली. पुढे काही आलं नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. त्या श्वासाची आठवण तिला पुढे बरेच दिवस अवेळी यायची. पण त्या संध्याकाळी मात्र, खरं सांगायचं तर, तिच्या मनात त्याला जागाच नव्हती. ती भिंतीवरच्या वाट्यांकडे बघत होती. इतक्या लोकांनी इतक्या थोड्यातून इतकं कसं काढलं, ते तिच्या मापात बसत नव्हतं.

*

परत आलेल्या गोळ्या तरी किती दिवस पुरणार? सुनीताबाई हेच म्हणत होत्या, आणि तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली.

श्रीहरी खाली आला. हातात सुनीताबाईंचीच वाटी, पाडव्याला श्रीखंड पाठवलं होतं ती. तिच्यात मावत नव्हती म्हणून पाकिटं एकावर एक रचून रबरानं बांधलेली होती. पुष्कळ. बाबांनी गल्लीला वाटली त्याहून जास्त.

"शुक्रवारी आणली होती," तो म्हणाला. "बातमी आली त्याच दिवशी. आईबाबांना पाठवणार होतो लातूरला. मग कुरियर बंद झालं."

बाबा नजरेनंच पाकिटं मोजू लागले.

"मला वाटलं काकांच्या गुडघ्यांसाठी शोधताहेत. गुडघे काय, थांबतील." त्यानं पाकिटांवरचं रबर ताणून सोडलं. "रोज फोन ऐकू यायचे वर. मला माहीत नव्हतं, नीरजा. शप्पथ."

"अफवांच्या मागे लागत नाही म्हणाला होतास," बाबा म्हणाले.

"हो."

त्यानं वाटी पायरीवर ठेवली आणि तो तिथंच उभा राहिला, परत वर जावं की नाही हे न कळल्यासारखा. नीरजानं वर छताकडे पाहिलं. तिच्या पलंगाच्या बरोब्बर वर त्याचं कपाट होतं. ती मुठी मिटायचा प्रयत्न करत पडून राहायची तेव्हा तिच्या आणि या पाकिटांच्या मध्ये फक्त एक स्लॅब होता. राग येईल असं तिला वाटलं, आणि तिनं त्याची वाट पाहिली. आलं ते दुसरंच काही. साऱ्या पृथ्वीवर आत्ता अशीच कपाटं असतील, वरच्या मजल्यांवर, राजवाड्यांत, गोदामांत. प्रत्येकाला खालून येणारे आवाज ऐकू येत असतील आणि प्रत्येकाला ते कुणाच्या तरी गुडघ्यांचे वाटत असतील. आणि त्यातला एक जण जिना उतरून खाली आलाय.

"चहा घेतोस का?" सुनीताबाई म्हणाल्या. "दुधाशिवाय आहे."

"चालतं."

"'चलेल' म्हण," बाबा म्हणाले. "इंदूर आहे हे."

*

दरम्यान, काही दिवसांनी बातमी आली. त्या बलाढ्य देशानं म्हटलं, गोळ्या दिल्या नाहीत तर बघून घेऊ. आपल्या देशानं थोडं थांबून म्हटलं, देतो, आधी शेजाऱ्यांना आणि ज्यांना फार गरज आहे त्यांना. टीव्हीवर दोन्ही बाजूंची माणसं तावातावानं बोलत होती. बाबांनी आवाज बंद केला आणि नुसती त्यांची तोंडं बघत राहिले.

"हे सगळं आपल्या भिंतीवर झालंय आधीच," ते म्हणाले.

मग ते पुन्हा कामाला लागले. परातीत सगळ्या गोळ्या ओतून, तांदूळ निवडावेत तशा ते निवडत होते. तुटलेल्या बाजूला, शेव चिकटलेल्या बाजूला. एकेक गोळी उजेडाकडे धरून. नीरजानं त्यांच्यासमोरची एक उचलली, पाण्याबरोबर घेतली आणि मूठ मिटून पाहिली. अजून मिटत नव्हती. मिटायला पुढे बरेच दिवस लागले.

पाच वर्षांपूर्वी, दवाखान्याच्या पायरीवर, पहिल्या पाकिटातली पहिली गोळी मोहन पागनीसांनी नीरजाला देण्याआधी स्वतः चावून पाहिली होती.